दोन बोटांचा ब्रेक

माझा हात लहान आहे. आता म्हातारपणी आखडला म्हणून नव्हे, पहिल्यापासूनच. कासार गावात आला की माझ्या वयाच्या पोरी ऐटीत मोठ्या बांगड्या भरून घ्यायच्या आणि माझ्यासाठी तो पाळण्यातल्या पोरींची पेटी उघडायचा. वर म्हणायचा, "एवढ्याशा हाताने भाकर कशी थापशील गं?" असा राग यायचा मला मेल्याचा! भाकर मी थापत होतेच. आई गेल्यावर घरात दुसरं कोण थापणार होतं?

घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे वडील. त्यांना मी नाना म्हणायचे, आणि बोलताना अरेतुरेच करायचे; आमच्याकडे बापाला कुणी अहोजाहो करत नाही. चोपड्यापासून दीड-दोन कोसांवर आमचं गाव. नानांचा केळीचा मळा होता, एक विहीर, मोटेची एक बैलजोडी. माणूस मोठा हौशी. गावातली शाळा चौथीला संपली तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, झालं, आता पोरीला चुलीपुढे बसवा. नाना म्हणाले, चुलीपुढे तर ती बसतेच आहे, आता आणखी किती बसवू? आणि ते जळगावला जाऊन एक जुनी सायकल घेऊन आले. सरकी काढायच्या जिनातल्या कुणा कारकुनाने काढून टाकलेली होती, रंग उडालेली, घंटी मुकी. ती मी चालवायची आणि चोपड्याला शाळेत जायचं, असा त्यांचा बेत.

त्या काळी आमच्या भागात सायकलवर बसलेली बाई कुणी पाहिली नव्हती. मी परकर खोचून मळ्याच्या वाटेवर शिकू लागले आणि बघायला निम्मं गाव बांधावर. तोल मला दोन दिवसांत साधला. अडलं ते ब्रेकपाशी.

तेव्हाच्या सायकलींना आताच्यासारखी तार नसायची. मुठीखाली लोखंडाची एक आडवी दांडी, तिला जोडलेली उभी सळई, आणि सळईच्या टोकाला रबराच्या दोन वड्या. दांडी बोटांनी मुठीकडे ओढली की वड्या चाकाच्या रिंगेला घासतात आणि चाक थांबतं. ती दांडी केली होती बाप्यांच्या पंजाच्या मापाने. माझी बोटं तिथवर पोचायचीच नाहीत, नुसते शेंडे लागायचे. नीट पकडायला जावं तर तळहात मुठीवरून सुटायचा आणि हँडल लटपटायचं. गावाकडून मळ्याकडे वाट उतरती आहे. पहिल्याच दिवशी त्या उतारावरून मी जी सुटले ती थेट बोरीच्या कुंपणात. बांधावरचं गाव पोट धरून हसलं. नाना माझ्या दंडातले काटे काढत बसले होते आणि मी रडत होते, लागलं म्हणून नव्हे, हसले म्हणून.

"माले नई चालावनी ती सायकल," मी म्हटलं. "मन्हा हातच न्हाना शे."

नाना म्हणाले, "हात काय वढीसन मोठा कराना शे का? दांडीच जोडे लई येऊत."

म्हणजे हात ओढून मोठा करायचा नाही, दांडीच जवळ आणायची. एवढंच. आजवर आयुष्यात मला ज्याने त्याने माझा हात, माझा पाय, माझी जीभ, काही ना काही कमीजास्त करायला सांगितलं. दांडी जवळ आणू म्हणणारा हा एकच माणूस मला भेटला.

त्यांनी कपाशीची वाळकी पळाटी उचलली. मला मूठ धरायला लावली, बोटं सैल वाकवायला लावली, आणि तळहातापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत पळाटीची काडी मोडून माप घेतलं. चपलेचं माप चांभाराकडे न्यायला घेतात ना, तसं. मग पक्कड घेऊन सळईचा नट ढिला केला, दांडी त्या काडीच्या मापाएवढी मुठीजवळ आणली आणि नट पुन्हा आवळला. मी ओढून पाहिली. बोटं अगदी आरामात बसली, पण चाक काही थांबेना.

कारण असं की दांडी मुठीजवळ आणली की तिला ओढायला जागाच उरत नाही. ती मुठीला जाऊन टेकते आणि खाली वड्या रिंगेपासून बोटभर दूरच राहतात. हातात बसते, पण धरत नाही. मग वड्याच रिंगेजवळ न्यायला हव्यात, म्हणजे जाड हव्यात. पण लढाईचे दिवस. नवं रबर चोपड्यात नाही, जळगावात नाही, कुठेच नाही. नाना विहिरीवर गेले. फाटलेली जुनी मोट पडली होती, तिच्या चामड्याचे तुकडे कापले आणि झिजलेल्या रबरांच्या मागे पाचर ठोकावी तसे बसवले. हँडलही थोडं खाली वळवलं, म्हणजे मनगट दुखणार नाही. नंतर म्हणाले, "आते दाबी देख."

मी दांडी ओढली. चाक जागच्या जागी थांबलं. मला इतका आनंद झाला की मी वीसदा ओढली आणि वीसदा सोडली.

मग नानांनी स्वतः मूठ धरून पाहिली. मोट हाकून हाकून त्यांचे पंजे झालेले नांगराच्या फाळासारखे. त्या फटीत त्यांची चार बोटं शिरेनात. कशीबशी दोन शिरली, पहिलं आणि मधलं. बाकीची दोन बाहेर ताटकळत.

"नाना, आते तुन्हं कसं व्हई?"

"माले दोन बोटं भलता व्हई गयात." दोन बोटं खूप झाली, म्हणे.

शाळेच्या वेळी सायकल माझी आणि एरवी त्यांची. बाजाराला जा, केळीच्या व्यापाऱ्याला भेटायला सावद्याला जा, कुठेही जा, ते दोन बोटांनीच ब्रेक लावत. त्या दोन बोटांच्या आतल्या अंगाला घट्टे पडले होते. चामडं आपलं झिजायचं, उन्हाने आकसायचं, की पुन्हा नवा तुकडा. ती पळाटीची काडी त्यांनी ओसरीच्या आढ्याला खोचून ठेवली होती. नवं चामडं घातलं की काडी काढून माप बघायचे, हो. माझी बोटं शेजारीच असायची, तरी काडीनेच.

गाव बोलायचं ते बोलायचंच. "नानानी पोर घोडावर बठनी," म्हणून बायका पाणवठ्यावर हसायच्या. मी मुक्या घंटीची सायकल घेऊन त्यांच्या मधून जायची आणि अगदी जवळ गेल्यावर कचकन ब्रेक लावायची. घागरी हिंदकळायच्या, शिव्या पडायच्या. फार बरं वाटायचं.

सातवीची परीक्षा पास झाले आणि माझं लग्न ठरलं. तापी ओलांडून पलीकडे, धुळ्याच्या वाटेवरचं मोठं गाव, आमच्यापासून सात कोस. मालक धुळ्याला एका जिनात कामाला होते, शनिवारी घरी यायचे. घरात सासूबाई. लवकर विधवा झालेली बाई, एकटीने शेती सांभाळून मुलगा वाढवलेली. लोक काय म्हणतील याचा त्यांना फार धाक होता, आणि एकट्या बाईला तो का असतो हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. नानांनी विचारलं, सायकल लेकीबरोबर देऊ का? सासूबाई नुसत्या हसल्या. तेच उत्तर.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. घरचं नाही, गावच्या विहिरीचंही नाही. मला निरोप देताना सगळे रडत होते आणि नाना चेष्टा करत होते. "लवकर नात दे माय. तुन्हा घरनं गार पानी पेवानं शे माले." मी रडता रडता हसले. त्यांना तेच हवं होतं.

मी सासरी गेले, पण सायकलची दांडी त्यांनी सैल केली नाही. काकू, म्हणजे माझ्या चुलतभावाची आई, त्यांना म्हणायची, आता पोर गेली, आता तरी चार बोटं घाला की. नानांचं एकच उत्तर. "आखाजीले येई ना ती."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात सासुरवाशिणीचा सण तो. दिवाळी राहू द्या बाजूला. चैत्र सरत आला की सगळ्या सुना वाटेकडे डोळे लावून बसतात, मुऱ्हाळी कधी येतो म्हणून. मुऱ्हाळी म्हणजे माहेरून न्यायला येणारा माणूस. तो दमणी घेऊन येतो, छत असलेली बैलगाडी, बैलांच्या गळ्यात घुंगरं. लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात, पोटभर आंबे खातात, पोटभर रडतात. आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर खरबूज नाही तर आंबा ठेवतात. उन्हातान्हातून आलेल्या पितरांनी पाणी प्यावं म्हणून. एकाच दिवशी लेकी घरी येतात आणि मेलेली माणसंही घरी येतात.

पहिल्या आखाजीला चुलतभाऊ दमणी घेऊन आला आणि मी माहेरी गेले. ओसरीत सायकल उभी होती. मी आधी चूळसुद्धा भरली नाही, दांडी ओढून पाहिली. घट्ट. आत ताजं चामडं. नाना आईची घागर भरत होते, मान वर न करता म्हणाले, "बरोबर शे ना?" त्या दहा दिवसांत मी पहाटे कुणी उठायच्या आत केळीच्या बांधावरून सायकल चालवली. लुगड्याचा काष्टा घट्ट आवळून. तेवढे दहा दिवस आयुष्यात मला कुणी वेगळे काढून परत दिले तर मी दुसरं काही मागणार नाही.

दुसऱ्या वर्षी आखाजी जवळ आली तेव्हा मला दिवस गेले होते. तिसरा महिना सरला नव्हता, त्यामुळे कुणाला बोलायचं नाही. सासूबाईंनी ओळखलं होतं, पण त्याही बोलल्या नव्हत्या. मला मात्र पोटात मावत नव्हतं. आई नाही, तर ही गोष्ट कुणाला सांगायची? बापाला सांगायची लाज, पण सांगायचं तर त्यालाच. मी ठरवून टाकलं होतं की माहेरी गेल्यावर विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथे, बसायचं आणि तोंड दुसरीकडे करून म्हणायचं, नाना, पुढच्या आखाजीला तू माझ्या घरचं पाणी पिशील. बस, एवढंच वाक्य. ते मी रोज भांडी घासताना मनात घोकत होते.

आखाजीला दोन दिवस होते. सकाळचं ऊन चढलं होतं. अंगणात आवाज आला आणि मी दारातून पाहिलं तर नाना, सायकलसकट. घामाने निथळलेले, धुळीने माखलेले आणि तोंडभर हसणारे.

झालं होतं असं की त्यांचा एक बैल लंगडत होता आणि आखाजीच्या तोंडावर भाड्याचीही दमणी मिळेना. चुलतभाऊ स्वतःच्या बहिणीला आणायला गेलेला. तो उद्या येणार आणि मग परवा मला न्यायला येणार. पण उद्यापर्यंत थांबणं नानांच्या स्वभावातच नव्हतं. त्यातून त्यांना वाटलं, पोरीला दमणीपेक्षा सायकलच आवडेल. ही त्यांची चूक. हौशी माणसाची चूक असते ती अशीच, समोरच्याला काय आवडेल ते बरोबर ओळखतो आणि भोवतीच्यांना काय चालेल ते साफ विसरतो.

सायकलच्या मागच्या कॅरिअरवर त्यांनी घडी घालून एक लहानशी गोधडी बांधली होती. स्वतः शिवलेली, टाके एवढे एवढे वाकडे. मला वाटलं माझ्यासाठी. नाना म्हणाले, "गावनं बाहेर निंघनूत की तू चालाव. मी मांगे बठसू."

मी चालवायची आणि त्यांनी मागे बसायचं! मग मला म्हणाले, "नवं चामडं टाकेल शे. दाबी देख."

मी पदर नीट केला, पायऱ्या उतरले आणि सगळ्यांसमोर ब्रेक दाबला. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या. बोटं बरोबर पहिल्या पेरावर बसली. दोन वर्षांत माझा हात भाकरी थापून, कपाशी वेचून रापला होता, पण माप तेच. मी हसले. मोठ्याने हसले. सासरच्या अंगणात मी तशी कधी हसले नव्हते.

सासूबाई मागून म्हणाल्या, "व्याही, आखाजीले अंडेर दमनीमा जास. सायकलवर नई." अंडेर म्हणजे लेक.

नाना हात जोडून म्हणाले, पोर सायकल चांगली चालवते, उन्हं कलली की निघतो, अंधाराच्या आत तापीपार होतो. सासूबाई म्हणाल्या, सून सायकल हाकणार आणि बाप मागे बसणार? उद्या या गावात मला तोंड दाखवायला जागा ठेवाल का? दमणी आणा आणि खुशाल न्या. त्यांचं आणखीही कारण होतं, माझ्या पोटातलं, ते त्या अंगणात बोलू शकत नव्हत्या. मीही बोलू शकत नव्हते. "जाऊ द्या ना," एवढं मी एकदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नानांचं हसू गेलं नाही. उलट ते मलाच समजवायला लागले. "ती बरोबर सांगी राहिनी माय. दमनीच पाह्यजे. सकाय लई येस." उद्या आणतो. बैल कुणाचे तरी उसने मिळतील, पण त्यासाठी आजच परत गेलं पाहिजे.

मी तांब्या भरून आणला. उन्हातून सात कोस आलेला माणूस. मी तांब्या पुढे केला आणि रीत आठवून हात तिथेच थांबला. नानांनी तो घेतला, पाय धुतले, तोंड धुतलं, डोक्यावरून ओलं फडकं फिरवलं. एक थेंब तोंडात घेतला नाही. त्यांचा ओठ फुटला होता, मी पाहिलं. कुंकवाएवढं रक्त होतं तिथे. येताना आणलेला पाण्याचा भोपळा रिकामाच सायकलला लोंबत होता. तो भरून देते म्हटलं तर मान हलवली. गावचं पाणी ते गावचं पाणी. सासूबाईंनीही म्हटलं, खोटं का बोलू, म्हणाल्या की ऊन उतरेपर्यंत सावलीला बसा. पण जिथे पाणी प्यायचं नाही तिथे किती वेळ बसणार? आणि उद्याची दमणी त्यांच्या डोक्यात होती.

जाताना दांडीवर त्यांनी आपली दोन बोटं ठेवली आणि मला दाखवली. पुरतात, अशी खूण. मग गेले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून नटून बसले होते. गाठोडं बांधलेलं, नवं लुगडं नेसलेली. तिसरा प्रहर झाला आणि घुंगरं ऐकू आली. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देख, उनी ना दमनी!" त्यांनाही बरं वाटलं होतं. मी गाठोडं उचलून अंगणात आले. दमणी आमच्याच दाराशी थांबली. चुलतभाऊ एकटाच होता. तो खाली उतरला नाही. कासरा हातात धरून बसून राहिला आणि माझ्या नव्या लुगड्याकडे बघून रडायला लागला.

नाना तापीपर्यंत पोचलेच नव्हते, आणि तापीआधी त्या वाटेवर कुठे पाणी नाही. नदी समोर दिसत होती. पात्राकडे उतरणाऱ्या वाटेवर एक हिवराचं झाड आहे, त्याला सायकल नीट टेकवून ठेवलेली, आणि खाली ते निजलेले. उशाला ती गोधडी. उन्हाने गेले. मेंढपाळांनी पाहिलं तेव्हा पाणी पाजायची वेळ निघून गेली होती. माझा बाप दिसणाऱ्या नदीपाशी तहानेने मेला. हे वाक्य लिहायला मला आयुष्य लागलं आणि लिहून काही हलकं वाटत नाही.

त्या दमणीतून मी माहेरी गेले. रीतसर. आखाजीला.

तेराव्यानंतर भाऊबंदांनी मळा आपसात वाटून घेतला. मी एकच वस्तू मागितली. मालक न्यायला आले होते, त्यांनीच सायकल चालवत आणली. माणूस अबोल, पण मनाचा साधा. घरी आल्यावर अंगणात पक्कड घेऊन बसले. त्यांचीही बोटं शिरत नव्हती, दांडी सैल करायला निघाले. मी आतून पाहिलं आणि मला काय झालं कोण जाणे, पिठाच्या हाताने धावत गेले आणि ओरडले, "हात लावायचा नाही त्या नटाला! तुम्हाला नसेल जमत तर चालत जा धुळ्याला!" नवऱ्यावर असं ओरडणारी बाई तेव्हा त्या गावात नव्हती. सासूबाई दारात उभ्या होत्या. मालकांनी पक्कड खाली ठेवली. दोन बोटं फटीत घालून पाहिली आणि म्हणाले, "पुरतील." ते पुढे कितीतरी वर्षं धुळ्याला दोन बोटांनीच गेले-आले.

कार्तिकात मला मुलगी झाली. बाळंतपणाला माहेर उरलं नव्हतं, सगळं सासूबाईंनीच केलं. रात्रंदिवस केलं, त्यात कसूर नाही. मी त्यांना माफ केलं का, असं मला एकदा शेजारणीने विचारलं होतं. नाही केलं. त्यांच्या शेवटच्या आजारात गू-मूतही मीच काढलं. दोन्ही खरं आहे, लोकांनी त्यांना हवं ते घ्यावं.

पुढची आखाजी आली. चुलतभाऊ बिचारा आठवणीने दमणी घेऊन आला. म्हणाला, चल, नानांची पहिली घागर आहे, आपल्या ओसरीत भरायची. मी त्याला जेवू घातलं आणि दमणी रिकामी परत पाठवली. तो म्हणाला, "का गं?"

मी म्हटलं, "यंदा नाना आठे येवाव शेतस."

यंदा नाना इथे यायचे आहेत. बापाची घागर लेकीने सासरी भरायची रीत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं. रीती मला चांगल्या पाठ होत्या. एक रीत तर अशी पाठ झाली होती की बस. तिच्यातच पुढे म्हटलंय ना, मूल होईपर्यंत म्हणून? मूल झालं होतं.

कुंभाराकडून नवी घागर आणली. विहिरीवर जाऊन मी स्वतः भरली, गावच्याच विहिरीवर, आणि ओसरीत सायकलजवळ आणून ठेवली. वर ठेवायला खरबूज मिळालं नव्हतं. सासूबाई आतून आल्या. मला वाटलं आता तोंड सुटेल, आणि मी कंबर कसून उभीच होते. त्यांनी पदराखालून एक पिकला आंबा काढला, घागरीच्या तोंडावर ठेवला आणि आत गेल्या.

मी सायकलच्या ब्रेकची दांडी ओढून पाहिली. चामडं झिजून गेलं होतं, दांडी थेट मुठीला जाऊन टेकली. मग मुलीला मांडीवर घेऊन घागरीपाशी बसले. थारोळ्यावर बसून म्हणायचं म्हणून घोकलेलं ते वाक्य वर्षभर तसंच तोंडात होतं, पण आता ते जसंच्या तसं म्हणता येत नव्हतं. तोंड दुसरीकडे करायचीही गरज नव्हती.

"नाना," मी म्हटलं, "नात व्हयनी तुले. आते पानी पे."